पाडायचं ते पिवळं, बांधायचं ते लाल

बाबांचं सदाशिव पेठेत अमोनिया प्रिंटचं दुकान होतं. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेसिंग पेपरवर शाईने काढलेला नकाशा एका रसायन लावलेल्या पिवळसर कागदावर ठेवायचा, दोन्ही मिळून मशीनमधल्या प्रखर दिव्यापुढून फिरवायचे आणि मग तो खालचा कागद अमोनियाच्या वाफेतून काढायचा. रेघ होती तिथे निळी-जांभळी रेघ उमटते, बाकी कागद पांढरा. दुकानात पाच मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांतून पाणी यायचं. गिऱ्हाइकं मात्र तास तास उभी असायची, कारण दुसऱ्या दिवशी महापालिकेत नकाशे द्यायचे असायचे.

त्या प्रिंट हाताने रंगवून द्यायचं काम सुट्टीत माझ्याकडे असे. नियम ठरलेला. नवीन बांधकाम लाल, पाडायचं बांधकाम पिवळ्या तिरक्या रेघांनी, ड्रेनेजची लाइन तुटक लाल. लाल रंग भिंतीच्या जाडीबाहेर गेला तर बाबा प्रिंट परत करायला लावत. आर्किटेक्ट म्हणजे ज्याच्या रेघांत आपण रंग भरतो तो माणूस, एवढीच माझी समजूत. मोठेपणी मीही अशा रेघा काढाव्यात हे कधी ठरलं ते नक्की आठवत नाही, पण ते इमारती बघून ठरलं नव्हतं हे खरं. कागद बघून ठरलं होतं.

बारावीला गणित होतं, म्हणून दार उघडं होतं. बी.आर्क.साठी, म्हणजे वास्तुकलेच्या पदवीसाठी, 'नाटा' ही प्रवेश परीक्षा २००६ पासून सुरू झालेली. मी दिली तेव्हा चित्रकलेचा पेपर कागदावर आणि आकलनाचा संगणकावर असे. क्लासवाले चित्रं पाठ करून घेत: पावसातला बसस्टॉप, रेल्वे फलाट, जत्रा. मला त्याचा कंटाळा आला आणि मी वही घेऊन मंडईत जाऊन बसू लागले. १८८६ सालची ती दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. तिचं पर्स्पेक्टिव्ह जमलं तर काहीही जमेल असा माझा हिशोब. शेजारच्या गाळ्यावरच्या आजी दोन दिवस बघत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पोरी, बांधून झालीय की ती, आता कशाला काढतीस?" या प्रश्नाचं उत्तर मला पुढे बऱ्याच उशिरा, एका वाड्यात सापडलं.

२०१० मध्ये प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्या आर्किटेक्टांचं पहिलं वर्ष सारखंच असतं. टी-स्क्वेअर, माउंटबोर्ड, कटरने कापलेली बोटं, त्यावर कागद चिकटवायचीच टेप, सबमिशनच्या आधी मारलेल्या नाइट, आणि ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढे काम मांडताना, "हे असं का?" या तीन शब्दांपुढे झालेली भंबेरी. घरचे नातेवाईक विचारत, "पाच वर्षं? मग इंजिनिअरच का नाही होत?" बाबा एकटेच खूश होते, मुलीला पेन धरता येतं याचा त्यांना अभिमान.

गंमत अशी की ज्या आधुनिक वास्तुकलेचं नाव घेऊन हे शिक्षण चालतं, ती मला सुरुवातीला अजिबात आवडली नाही. इतिहासाच्या तासाला अंधारात स्लाइड फिरायच्या. ल कॉर्बुझिए या स्विस-फ्रेंच वास्तुकाराचे पाच मुद्दे: इमारत खांबांवर उचला, भिंतींना वजनातून मोकळं करा, दर्शनी बाजू मोकळी ठेवा, आडव्या लांब खिडक्या द्या, गच्चीवर बाग करा. त्याचा नमुना म्हणजे पॅरिसजवळचं १९३१ मध्ये पूर्ण झालेलं व्हिला सव्हॉय. पांढरं, गुळगुळीत, ना छज्जा ना पागोळी. मी मागच्या बाकावर बसून विचार करायची, याच्यावर आपला जुलै महिना पडला तर? पुढे वाचनात आलं की त्या घराचं छत खरोखरच गळायचं आणि मालकीणबाईंनी तशी तक्रारीची पत्रं वास्तुकाराला लिहिली होती. मला बरं वाटलं. तो आनंद थोडा बालिश होता, पण पेठेत वाढलेल्या मुलीला पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे आधी दिसतं, त्याला इलाज नाही.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाला शनिवार पेठेतला एक वाडा मोजायला दिला. मोजायचा म्हणजे खुंटीपासून कौलापर्यंत सगळा. पहिलाच धडा असा की खोली चौकोनी दिसते, असते असं नाही. चारही भिंतींची लांबी बरोबर मोजून आणा आणि कागदावर काढा, आकृती बंद होत नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात, तेव्हा कुठे खोली आपला खरा आकार सांगते. भिंतीची जाडी मोजायची तर खिडकीपाशी जायचं, कारण तिथेच ती उघडी पडते. आमच्या वाड्याची तळमजल्याची भिंत अडीच फूट आणि वरच्या मजल्यावर दीड. मग बळद सापडलं. बाहेरच्या आणि आतल्या मापांचा मेळ बसेना, म्हणून पुन्हा पुन्हा टेप लावली तेव्हा लक्षात आलं की मधे धान्याची पोकळी आहे. घरच्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "हो, आहे ना. तुम्ही विचारलं कुठं?"

आमच्या सरांना प्लॅनमध्ये, म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशात, रस नव्हता. ते सारखे म्हणायचे, सेक्शन काढा. म्हणजे वाडा उभा कापला तर काय दिसेल ते. जोत्याचा दगड, वर विटांची भिंत, सागवानी खांब, तुळया, कडीपाट, त्यावर मातीचा थर, वर माडी, वर कौलं, आणि मधोमध आकाशापर्यंत मोकळा चौक. मार्चअखेरच्या दुपारी रस्त्यावर डांबर मऊ झालेलं आणि माजघरात आम्ही फरशीवर पालथ्या पडून माप लिहितोय, पंखा नाही. का गार आहे ते सेक्शनमध्ये काढता येतं. जाड भिंत दिवसभर ऊन पीत राहते आणि आतपर्यंत पोचवायला रात्र करते. रात्री चौकातून गरम हवा वर निघून जाते. प्लॅनमध्ये यातलं काहीही दिसत नाही. एलेव्हेशनमध्ये, म्हणजे बाहेरच्या बाजूच्या चित्रात, तर नाहीच, कारण बाहेरून वाडा म्हणजे एक दार आणि बरीचशी बंद भिंत. मंडईतल्या आजींना आता सांगता आलं असतं: बांधलेलं पुन्हा काढतो ते, ती इमारत कशी चालते हे कळावं म्हणून.

तो वाडा आता नाही. भाडेकरूंचं भाडं कित्येक दशकं गोठलेलं, १९४७ च्या भाडे कायद्याने वाढवता येत नव्हतं. मालक दुरुस्ती कशातून करणार? कौल फुटतं, पाणी तुळईच्या टोकाशी मुरतं, टोक कुजतं, मग मजला झुकतो. वाडे पडण्याची सुरुवात बहुतेक वेळा त्या भिंतीत घुसलेल्या तुळईच्या टोकापासून होते. कुणाला दोष देत नाही, मालकांच्या मुलांनाही स्वतःचं संडास-बाथरूम हवंच होतं.

तिसऱ्या वर्षाची अहमदाबादची सहल म्हणजे आर्किटेक्चरवाल्यांची पंढरीची वारी, आणि तिथे माझं कॉर्बुझिएशी भांडण मिटलं. निदान अर्धं. आश्रम रोडवर गिरणी मालक संघटनेची इमारत आहे, १९५४ ची. पश्चिमेला रस्ता, पूर्वेला साबरमती. पश्चिमेकडच्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्या तिरप्या आहेत, पूर्वेच्या सरळ. तिरप्या कशासाठी, तर उतरत्या उन्हाची तिरीप आत येऊ नये. सरळ कशासाठी, तर नदीवरचा वारा यावा. भारतात येऊन तो माणूस ऊन मोजायला शिकला होता. व्हिला सव्हॉयमध्ये मला जे खुपत होतं त्याचं उत्तर त्याने स्वतःच दिलं होतं, फक्त आमच्या स्लाइडमध्ये ते उशिरा आलं.

नंतर 'संगाथ' पाहिलं, बाळकृष्ण दोशींचं कार्यालय. घुमटाकार लांब छपरं, त्यांच्यावर चिनीमातीच्या फुटक्या तुकड्यांचं पांढरं आवरण, अर्धी इमारत जमिनीत. पन्हळींतून पाणी कसं खेळत खाली येईल ते कोरडं असतानाही दिसतं. दोशी पुण्याचे. १९२७ साली इथे जन्मले, घरचा व्यवसाय फर्निचरचा, शिक्षणासाठी मुंबईला जे.जे.त गेले, तिथून पुढे पॅरिसला कॉर्बुझिएच्या हाताखाली. २०१८ मध्ये त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला, भारतातल्या कुणालाही मिळालेला पहिला. त्या दिवशी बाबांनी फोन करून विचारलं, "आपल्या पुण्याचे ना हे?" जणू त्यांच्या दुकानातून प्रिंट नेल्या होत्या.

पुण्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते विद्यापीठाच्या आवारातल्या 'आयुका'ने. वास्तुकार चार्ल्स कोरियांचं काम. खगोलशास्त्राची संस्था, जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, लोकांसाठी उघडतात तेव्हा मी जायची आणि दुर्बिणीच्या रांगेत उभं राहायचं सोडून भिंतींवरून हात फिरवायची. कोरियांनी काळा रंग तीन पायऱ्यांनी गडद केलाय: आपला नेहमीचा काळा बेसॉल्ट, त्यावर त्याहून काळा कडाप्पा, आणि त्यावर चकचकीत काळा ग्रॅनाइट, ज्यात आकाश दिसतं. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइनस्टाइन बसलेत किंवा उभे आहेत. पुण्यातला प्रत्येक जुना जोता ज्या दगडाचा, त्याच दगडापासून सुरुवात करून माणूस अवकाशाबद्दल बोलतो आणि त्याला कुठेही कमान किंवा कळस लावावा लागत नाही. आधुनिक म्हणजे कुठून तरी आणलेलं, ही माझी समजूत तिथे गेली. २०१५ च्या जूनमध्ये कोरिया गेले, माझं शेवटचं वर्ष संपत होतं तेव्हाच.

त्याआधी एक सत्र ऑफिसात काढावं लागतं, प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण म्हणून. प्रभात रोडच्या एका छोट्या ऑफिसात मला जागा मिळाली आणि लगेचच कोथरूडच्या एका साइटवर लाइनआउटला पाठवलं. लाइनआउट म्हणजे नकाशातल्या रेघा जमिनीवर उतरवणं. चुन्याची फक्की, खुंट्या, दोरी. काळी माती काढून टाकलेली, खाली मुरूम उघडा पडलेला. काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर पाया ठेवत नाहीत. कडक मुरूम किंवा पाषाण लागेपर्यंत खणतात. मुकादम लातूरकडचे, सगळे त्यांना मामा म्हणत म्हणून मीही. त्यांनी ड्रॉइंग उलगडलं, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "ताई, ही मापं कुणी टाकली?"

"आमच्या ऑफिसने."

"सगळी तुकड्या-तुकड्याची आहेत. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत, त्या खांबापासून पुढच्या. प्रत्येक ठिकाणी टेप उचलायची, ठेवायची. दोरी एवढीशी हलली तरी शेवटाला जाईस्तोवर खांब शेजाऱ्याच्या हद्दीत. एका कोपऱ्यातनं सगळी मापं द्या मला. शून्यापासनं."

मी तिथेच बसून प्रत्येक खांबाचं अंतर त्या एका कोपऱ्यापासून काढून दिलं. इतकी वर्षं मी रेघा काढत होते, पण ती रेघ कुणीतरी उन्हात वाकून खुंटीवर बांधणार आहे, हे डोळ्यांपुढे ठेवून काढलेली नव्हती. कॉलेजात मापं शीटवर छान दिसावीत अशी टाकतात. कोन काटकोनात आहे का ते मामांनी तीन-चार-पाचने तपासलं: एका बाजूला तीन फुटांवर खूण, दुसरीला चारवर, मधलं अंतर पाच भरलं की काटकोन. पायथागोरस नववीत झाला होता, तो असा खुंटीला बांधलेला तिथे भेटला. लेव्हल पारदर्शक नळीतल्या पाण्याने, नळीत बुडबुडा राहिला तर सगळं खोटं.

पुढच्या महिन्यांत बरंच काही कानावर पडलं जे पुस्तकात होतं पण ऐकू आलं नव्हतं. सळई शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, टेकता कामा नये, मधे कव्हर ब्लॉक हवेत, खांबाला ४० मिलिमीटर, नाहीतर काही वर्षांत पाणी सळईपर्यंत पोचतं आणि गंज फुगून काँक्रीट फोडतो. स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी इलेक्ट्रिशियनचे पाइप, प्लंबरचे स्लीव्ह सगळं जागेवर आहे का ते बघायचं, एकदा भरली की कुणाचंच काही ऐकत नाही. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे ठोकळे भरून सातव्या आणि २८ व्या दिवशी तपासायला पाठवायचे. आणि पाणी मारायचं, दिवसातून कितीही वेळा, सुट्टी असली तरी. हे शेवटचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. नवीन इमारत गळते तेव्हा लोक सिमेंटला शिव्या देतात. मी आधी विचारते, त्या आठवड्यात दिवाळी होती का?

थिसिस झाला, पदवी मिळाली. पण तेवढ्याने आर्किटेक्ट होत नाही. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी लागते, तेव्हा 'सीए', वर्ष आणि पुढे आकडे असा क्रमांक येतो आणि तेव्हाच नावापुढे आर्किटेक्ट लिहिता येतं. यातला बारकावा फार जणांना ठाऊक नसतो: कायद्याने राखलंय ते बिरुद. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं, की नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येणार नाही, पण इमारतीचं डिझाइन करायला इतरांना हा कायदा मनाई करत नाही. माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना हे ऐकून राग आला. मला आला नाही. मामांसारखी माणसं गावाकडे कुठल्याही बिरुदाशिवाय नीट उभी राहणारी घरं बांधतात. आमचं काम त्याहून सरस असेल तर ते दिसलं पाहिजे. पहिला पगार सांगितला तेव्हा बाबांनी "महिन्याचा ना?" असं खात्री करून घेण्यासाठी विचारलं, तेवढा तो होता. कंपनीत लागलेल्या मैत्रिणी तेव्हा हप्त्यावर गाड्या घेत होत्या.

क्रमांक आल्यावर बदल झाला तो एवढाच की सहीची भीती वाटू लागली. पूर्वी नकाशावर ऑफिसातले सर सही करायचे, मी खाली बारीक अक्षरात 'ड्रॉन बाय' मध्ये असायची. आता खिडकी इथे का, या प्रश्नाला उत्तर द्यायला मागे कुणी उभं नसतं.

सध्याचं माझं काम पुनर्विकासाचं आहे, पुण्यात आता तेच आहे. १९८० च्या आसपासच्या तीन-चार मजली सोसायट्या, लिफ्ट नाही, सभासद सत्तरीत. नकाशे आता ऑनलाइन जातात, पण माझ्या डोळ्यांना अजून पिवळ्या रेघाच दिसतात. ज्या इमारती पाडायच्या असतात त्यातल्या कित्येक, खरं सांगायचं तर, नव्यापेक्षा शहाण्या असतात: दोन्ही बाजूंनी खिडक्या, खोल बाल्कनी, प्रत्येक खिडकीवर छज्जा. २०२० ची, मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठीची नवी नियमावली आल्यापासून बाल्कनीही चटईक्षेत्रात मोजली जाते, त्यामुळे बिल्डर ती द्यायची की नाही हे सरळ पैशांत बघतो. आणि दर्शनी बाजू काचेची, सपाट, छज्जा नाही. आपला पाऊस पश्चिमेकडून तिरका येतो. स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये पाणी साठतं आणि आतल्या भिंतीवर नकाशा उमटतो.

परवाच्या सोसायटीच्या सभेत मी सेक्शन घेऊन गेले होते. पुण्याचा अक्षांश साडेअठरा; डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांवर असतो, तेव्हा दोन फुटांच्या छज्जाखालूनही ऊन आत येतं आणि ते हवंच असतं. मार्च-एप्रिलमध्ये सूर्य चढतो आणि तोच छज्जा ऊन अडवतो. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य चक्क उत्तरेकडे झुकलेला असतो, त्यामुळे उत्तरेची खिडकीही उघडी सोडून चालत नाही. पश्चिमेला आडव्या छज्जाचा उपयोग नाही, तिथे उभ्या पट्ट्या हव्यात. हे अहमदाबादचं ऋण. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर चेअरमन काकांनी विचारलं, "कार्पेट एरिया किती मिळणार ते आधी सांगा ना." त्यांचंही बरोबर आहे. मग तिसऱ्या मजल्यावरच्या एक काकू उठल्या, चाळीस वर्षं पश्चिमेच्या स्वयंपाकघरात घालवलेल्या, आणि म्हणाल्या, "ती उभ्या पट्ट्यांची खिडकी मला पाहिजे. बाकीच्यांचं ज्याने त्याने बघा."

पट्ट्या आणि छज्जे दोन्ही मंजूर झाले. बिल्डरने आढेवेढे घेतले, लॉबीतला इटालियन मार्बल सोडायला सभासद तयार झाल्यावर तो वाकला. आता अडलंय ते पार्किंगमधल्या एका खांबावर. गाडी वळत नाही म्हणून तो हलवायचा आहे, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या मते तो हलला तर वरचा बीम सरकतो. बीम सरकला तर काकूंच्या खिडकीच्या डोक्यावर येतो. सोमवारी इंजिनिअरच्या ऑफिसात बसायचं ठरलंय, मापं मी एका कोपऱ्यापासून काढून ठेवलीत.